भागवत टेलरचा घेर

पुणतांब्यात पँट शिवायची ती भागवत टेलरकडंच. साऱ्या गावाचं पोट त्याच्या टेपखालून गेलेलं. माप देताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की भागवत म्हणायचा, "श्वास सोडा पाव्हणं, पँट तुमाला घालायचीय, मला न्हाई." त्याची स्वतःची पँट मात्र दर दिवाळीला उसवून सैल व्हायची. "आजकालचं कापड लई आटतंय," असं बायकोला, पंकजाला, सांगताना त्याला स्वतःलाच हसू यायचं.

यंदा लग्नसराईत एका नवरदेवाच्या पायाचं माप घ्यायला तो उकिडवा बसला आणि उठताच येईना. छाती धपापली, घाम फुटला. अखेर नवरदेवानंच काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"नवरीच्या आधी मलाच उचललं की गड्या," भागवत म्हणाला. दुकानात सगळे हसले. पंकजा तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कोपरगावच्या बसमध्ये कोंबलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कमरेला टेप लावला. भागवतनं पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, काका."

भागवतचे कान गरम झाले. पोट सुटलं, टेप पार पुढं सरकला.

ईसीजी ठीक निघाला. मग रक्ताचे रिपोर्ट आले. साखर थोडी जास्त, बीपी थोडं जास्त, रक्तातली चरबी थोडी जास्त.

"म्हंजी सगळं थोडंथोडंच हाय," भागवत खुलला.

"थोडंथोडं एकत्र आलं की हृदयाचा धोका थोडा राहत नाही. आणि रिपोर्टातला हा सूज दाखवणारा आकडा बघा. अंगात सूज आहे."

भागवतनं पाय पुढं केले. "न्हाई म्याडम. चप्पल बरोब्बर बसती."

बाई हसल्या. "ही बाहेरून दिसत नाही. पोटातली चरबी नुसती पडून नसते, काका. तिच्यामुळं अंग आतून सारखं धुमसत राहतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, तिथं चरबी साचते. एखाद दिवशी तिथंच रक्ताची गाठ झाली, की झटका."

अस्तर म्हटल्यावर भागवतला नेमकं कळलं. आतून विरलेला कोट बाहेरच्या कडक इस्त्रीवर किती दिवस टिकतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

परतीच्या बसमध्ये त्याला वडील आठवले. ते मशिनवर बसल्या बसल्याच गेले होते. 'कामाचा माणूस, कामावर गेला,' असं तो अभिमानानं सांगत आला होता.

"मी बी त्याच खुर्चीवर नंबर लावून बसलोय बघ, पंकजा."

"मग उठा की," ती म्हणाली.

तो उठला. सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालायला लागला. पहिले काही दिवस गावची कुत्रीसुद्धा परका समजून भुंकली. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, भज्यांची पुडी बंद झाली. काही महिन्यांनी आकडे उतरले, पण बाईंनी गोळ्या चालूच ठेवल्या. "धोका कमी झालाय, गेलेला नाही," त्या म्हणाल्या.

कोल्हारला भाचीच्या लग्नात वाढप्यानं जिलेबी वाढली. भागवतनं अर्धी मोडून पंकजाच्या ताटात टाकली.

"लई मोठा त्याग केलात," ती म्हणाली.

"त्याग कसला? तू इकडं बघत नसतीस तर दोन खाल्ल्या असत्या."