अन् हॅपी

लाडवांसाठी मेथ्या भाजायला घेतल्या. कडवट वास घरभर पसरला, अन् टेंभी नाक्याच्या खोलीतली आई आठवली. तीही अशाच मेथ्या भाजत होती. मी शेजारी बसून इंग्रजीचे उपसर्ग पाठ करत होते. 'अनहॅपी' ऐकून ती म्हणाली, "म्हणजे अन् हॅपी. आणखी सुखी."

"नाही गं आई. शब्दाच्या आधी अन लागलं की अर्थ उलटा होतो. अनहॅपी म्हणजे दुःखी."

ती मेथ्या हलवत राहिली.

"मग तू काय आहेस?" मी गमतीनं विचारलं.

"मी? अनहॅपी," ती हसून म्हणाली.

मीही हसले. सांगूनसुद्धा परत तीच चूक, असं मला वाटलं.

आई आता नाही. आज मेथ्या हलवताना कळतं, तिनं माझं नीट ऐकलं होतं.