एकशेबाराचं कौतुक

"तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा माझे धाकटे चुलते म्हणाले, "फेलचं काय एवढं मनावर घ्यायचं? आमच्या घरात मॅट्रिकला सगळीच फेल हाईत." बाई हसल्या नाहीत. मी हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण शेजारच्या कॉटवर आबा तीन उशांना टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते.

आबा म्हणजे माझे वडील. अर्धी उमर फौंड्रीत साचे पाडण्यात गेली आणि अर्धी फुटबॉलमध्ये. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. ज्या पेठेत जन्मलात त्या तालमीचा संघ तुमचा, त्यात तुम्हाला कोण विचारत नाही. तरुणपणी आबा आमच्या तालमीकडून खेळायचे. जिवलग दोस्त मात्र पलीकडच्या पेठेतला, तिथल्या संघाचा गोलकीपर. आम्ही त्यांना गोलीकाका म्हणतो. आबांनी एकदा त्यांच्या दोन पायांच्या मधून गोल मारला होता. तो गोल मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. आईच्या तेराव्यालासुद्धा ऐकला.

दुखणं लपवण्यात आबा पटाईत. आडवं झालं की दम लागायचा म्हणून खुर्चीत बसून झोपायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, "जेवान जरा जास्त झालंय." मी सासरहून, जयसिंगपूरहून आले आणि त्यांचे पाय बघितले. चपलेचे पट्टे मांसात रुतून वळ उठले होते. रिक्षात घातलं आणि तडक दवाखान्यात नेलं.

आता कोल्हापुरात माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जाणं हा कुळाचार आहे. जो येत नाही त्याचं नाव त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत काढतात. त्यामुळे सगळे आले. शहाळी घेऊन आले, मोठ्यानं बोलत आले, आणि आपल्या ओळखीतलं कोण कोण ह्याच दुखण्यानं गेलं ते पेशंटच्या उशाशी बसून सविस्तर सांगून गेले.

आबांच्या डोक्याशी एक स्क्रीन होता आणि त्यावर हिरवा आकडा. नाडीचा. गोलीकाका आले, चष्मा पुसून त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "एकशेबारा. नाद खुळा. गड्याचं काळीज आजून पोराचं हाय की."

झालं. तिथून पुढं जो येईल तो आबांकडं नंतर आणि आकड्याकडं आधी बघायला लागला. "आज किती?" "एकशेआठ." "उतरलं व्हय," म्हणून तोंड पडायचं. धाकटे चुलते हातकणंगल्याच्या पावण्यांना फोनवरून स्कोअर सांगत होते. एका आत्यानं आकडा वर जावा म्हणून थर्मासमधून पांढरा रस्सा आणला, चांगला चमचमीत, मिठाचा. मी तो बेसिनमध्ये ओतला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे.

औषधानं सूज उतरली, आबा आडवे झोपायला लागले, आणि लगेच घरी न्यायची टूम निघाली. रविवारी आमच्या तालमीची सेमीफायनल होती, हे खरं कारण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थांबा, पडल्या पडल्यासुद्धा नाडी पळतेय. चुलते म्हणाले, "बाई, खेळाडू गडी हाय त्यो. नाडी जोरातच असणार." बाई म्हणाल्या, खेळाडूची नाडी उलट सावकाश असते. पण ऐकतो कोण? मी एकटी बोंबलत राहिले आणि चुलत्यांनी आमच्या जबाबदारीवर नेतोय म्हणून सही ठोकली. आबा रविवारी मैदानात होते. आम्ही टायब्रेकरला जिंकलो. आबा घसा फुटेपर्यंत ओरडले आणि तो आठवडा संपायच्या आत निळ्या ओठांनी परत त्याच वॉर्डात आले.

ह्या खेपेला बाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. "नाडी पळते म्हणजे ताकद नव्हे," त्या म्हणाल्या. "एका ठोक्यात पुरेसं रक्त फेकायला जमत नाही, म्हणून ते हृदय ठोके वाढवतंय. दमलंय ते. घरी जातानाही ज्यांची नाडी अशी पळत असते ती माणसं लवकर परत येतात. काही परत येण्याइतकीही उरत नाहीत. ऐंशीच्या आत स्थिरावल्याशिवाय ह्यांना मी सोडणार नाही."

इतके दिवस आम्ही बापाच्या धापा मोजत होतो आणि टाळ्या पिटत होतो.

मग मी वॉर्डच्या दाराशी खुर्ची टाकली. "पावणं, कुठं?" "बघाय आलतो." "हितनंच बघा." कुणाला राग आला, कुणी माझ्या सासरचा उद्धार केला. एकानं विचारलं, तू काय डॉक्टर हाईस? मी म्हटलं, न्हाय, बाऊन्सर हाय. शहाळी मात्र ठेवून घेतली. आबांना पाणीसुद्धा मोजून होतं, म्हणून ती मीच प्यायले.

गोलीकाकांनाही मी आत सोडलं नाही. सगळ्यात जास्त मोठ्यानं तेच बोलायचे. ते बिचारे निमूट समोरच्या बाकावर बसून राहायचे, चपलांचे पट्टे सैल सोडून. "बाकड्यावर बसून बसून पाय सुजलं बघ," म्हणायचे. जिना चढून आले की बराच वेळ बोलायचे नाहीत आणि मग जिन्याला शिव्या घालायचे. मी त्यांना चिडवायची, "काका, गोली होता म्हणजे नुसतं उभंच राहायचा वाटतं?"

आत आबांची गोळी थोडी थोडी वाढत होती आणि आकडा उतरत होता. शंभर, मग नव्वदीत, मग त्याच्याही खाली. आबांना करमेना, म्हणून नर्सताईंनी त्यांना दोन बोटांनी मनगटावरची नाडी मोजायला शिकवली. मग काय, जो जवळ येईल त्याचं मनगट धरायचे. झाडणाऱ्या मावशींची मोजली, माझी मोजली. "तुजी पळतीया. भांडान कमी कर," म्हणाले.

आणि त्यातच फायनल आली. आमची तालीम आणि गोलीकाकांची तालीम. मी आबांचा मोबाईल पर्समध्ये टाकला. आबांनी हट्ट केला नाही, त्याचीच मला भीती वाटली. ह्या दोघांची एक रीत होती. जो जिंकेल त्यानं हरलेल्याच्या दारात जाऊन त्याला पेढा भरवायचा आणि वर चार टोमणे मारायचे. कुणाच्या घरी मयत असलं तरी ती चुकली नव्हती. म्हणजे हरलो तर काका येणार, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी फटाके वाजले. पलीकडच्या पेठेकडून. मी धावत जाऊन खिडकी लावली. थोड्या वेळानं काका दारात उभे, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी दार अडवलं. काका हळूच म्हणाले, "पोरी, जाऊ दे मला. त्येला कळणारच हाय. माज्याकडनं कळू दे." त्यांचा आवाज ऐकून मी बाजूला झाले.

काका कॉटवर टेकले, धाप आवरली आणि म्हणाले, "जिंकला की लेका तुमी. टायब्रेकरला. घे, भरीव मला पेढा."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्या तालमीविरुद्ध बोलत होता. मी स्क्रीनकडं बघितलं. शहात्तर. आकडा जागचा हलला नाही. आबांनी पेढा घेतला नाही. त्यांनी काकांचं मनगट धरलं.

"कानामागं गुलाल हाय तुज्या," आबा म्हणाले. "खोटं कुणाला सांगतूस?"

काकांचा चेहरा पडला. "तुमी हरला म्हणून सांगितलं आन तू मेलास तर?" ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मग मी गोल कुणाचा ऐकू गा? तुज्याबिगर माजं कोण हाय?"

"गप. मोजू दे," आबा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा चाललीय. पण आबांचे ओठ हलत होते, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते, आणि मग ते काकांच्या पायांकडं बघायला लागले. सैल सोडलेल्या पट्ट्यांकडं. मीही बघितलं. रोज बघत होते मी ते पाय, रोज, आणि चिडवत होते.

"बाईस्नी बोलीव," आबा मला म्हणाले. "पळत जा."

त्याच संध्याकाळी काका आबांच्या शेजारच्या कॉटवर आले. त्यांचा आकडा आबांच्या पहिल्या दिवसापेक्षाही वर होता. काका आकड्याकडं बघून कौतुकानं काही बोलणार, तेवढ्यात आबांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप्प झाले.

पुढं आबांना घरी सोडायचा दिवस उजाडला. नाडी निवांत, पिशवी भरलेली, खाली रिक्षा उभी. आणि जिन्यावरून कालवा ऐकू आला. काकांच्या पेठेतली माणसं आली होती, कपची मिरवणूक होती आणि तिच्या गाडीवर म्हाताऱ्या गोलीला बसवायचं होतं. पुढचा एक जण आत घुसला, त्यानं स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाला, "एकशेअठरा. काका, काळीज आजून जवान हाय की. चला, सही करतो आमी."

काका उठायला लागले. त्यांचे डोळे चमकत होते.

आबांनी घरी जायची चप्पल काढली. माझी खुर्ची ओढत आणून काकांच्या कॉटला लावली, तीत बसले आणि दोन बोटं काकांच्या मनगटावर ठेवली. आवाज चढवला नाही. आबांना आवाज न चढवता बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ही खाली आल्याबिगर ह्यो कुठं जाणार न्हाय," ते म्हणाले. "आन मीबी न्हाय."

मी खाली जाऊन रिक्षा परत पाठवली.