पोथीतला नसलेला अध्याय

परवा कुरिअरने पुस्तक आलं. वरचं प्लास्टिक फाडलं आणि खळीचा, ताज्या शाईचा वास दरवळला, तशी मी थेट आमच्या हडपसरच्या खोलीत जाऊन पोचले. बाबा दारोदार पोथ्या विकायचे. पिशवीत भरण्याआधी प्रत्येक पोथी पानन् पान तपासायचे, तेही बोटाला थुंकी न लावता. शेजारी ओला फडका असे. आणि मी? कॉलेजात कुणी विचारलं, की ‘बाबांचा बिझनेस आहे’ म्हणून मोकळी व्हायचे. मोठी शहाणीच!

मग सगळंच पॅकबंद मिळण्याचे दिवस आले, पोथ्यासुद्धा. गिऱ्हाइकाला सीलबंदच हवी, म्हणून बाबांनी जन्मात पहिल्यांदा न तपासलेली पोथी दिली, हिंजवडीच्या एका शेतकरी बाईला. तिचा नवरा दवाखान्यात अत्यवस्थ होता आणि त्याच्यासाठी तिने सात दिवसांचं पारायण धरलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याच गठ्ठ्यातली दुसरी पोथी उघडली, तर बांधणीत घोळ! सोळा पानं दोनदा, पुढची सोळा गायब. नेमका त्या दिवशी वाचायचा अध्यायच नाही. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. देवघरातली आमची पोथी उचलून ते मला म्हणाले, “चल.” कॉम्प्युटरचा क्लास बुडाला म्हणून बस बदलताना मी नुसती धुसफुसत होते.

बाई देवापुढे बसून होती. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. “फिरून फिरून त्येच येतंया, फुडचं दिसंनाच मला,” ती रडत म्हणाली. “माझंच पाप आडवं आलं. आता धनी काय वाचत न्हाईत.”

बाबांनी हात जोडले. “अहो ताई, पाप कसलं? चूक माझी आहे. न बघता दिली मी.” दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून त्यांनी पानांचे आकडे तिला दाखवले. तिने डोळे पुसले, आमची पोथी कपाळाला लावली आणि वाचू लागली. अध्याय पुरा होईपर्यंत बाबा उंबऱ्याशी उभेच होते. त्यांच्याकडे बघताना मला इतका अभिमान वाटला, की माझेच डोळे भरून आले.

नवरा पंधरवड्याने घरी आला. बाबा एवढंच म्हणाले, “डॉक्टर बरा भेटला.”

तिथल्या शेतांवर आता काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्याच एकीत मी नोकरी करते. वडील काय करायचे, असं कुणी विचारलं की ताठ मानेनं सांगते, दारोदार पोथ्या विकायचे. आमची पोथी बाईला देऊन तिच्याकडून घेतलेली अपुरी पोथी बाबांनी देवघरात ठेवली, ती कधी बदलली नाही. वाचताना तो अध्याय आला, की ते डोळे मिटून पाठ म्हणायचे. ते गेल्यावर मी तो पाठ केला.