सोमवारचा खोकला

कबूल करून टाकते. मी एका वाचक मंडळाला प्रवेशपरीक्षा ठेवली होती. लेखी, पन्नास मार्कांची, दीड तासाची, आणि वर सूचना: 'उत्तरे मुद्देसूद लिहावीत.' मंडळाचं काम काय, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता माझ्या हॉलमध्ये बसून एक कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि चकल्या खायच्या. माझ्या नातीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती तिकडं बंगळुरात इतकी हसली की तिच्या हातून फोन पडला.

"आजी, हॉल तिकीटपण दिलं होतंस का?"

मी तिला तिकडच्या पावसाचं विचारलं. कारण दिलं होतं.

तेव्हा मी लहान होते, एकसष्ट वर्षांची. कॉलेजातून नुकतीच निवृत्त झालेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझं कुणी ऐकत नव्हतं. तीस वर्षं वर्गावर बोलत आलेल्या बाईला याचा फार त्रास होतो. म्हणून हे मंडळ काढलं. आम्ही सहा जण, सगळे इंग्रजीचे निवृत्त मास्तर आणि मास्तरणी. मंडळ एकाच लेखिकेला वाहिलेलं: व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक इंग्लिश कादंबरीकार, जिनं कापडगिरण्यांच्या गावांवर जाडजूड पुस्तकं लिहिली. मी तिला तीस वर्षं शिकवलं होतं. आम्ही तिला 'आपली बाई' म्हणायचो. "आपल्या बाईला हे पटलं नसतं हं," असं बजावून एकमेकांच्या बशीतली शेवटची चकली उचलायचो. तिच्या वाढदिवसाला केक आणायचो आणि केकाच्या शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवायचो. खाल्ली जायची ती शेंगाचटणी.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी वाचनालयाच्या फळ्यावर आमची माहिती लावली आणि लोक विचारायला लागले. मंडळाचा दर्जा घसरणार! 'दर्जा' हा शब्द तेव्हा जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा सतत माझ्या तोंडात असायचा. बाकीचे पाच जण म्हणत होते, येऊ देत की, काय खातात का आपल्याला. मी ऐकलं नाही. प्रश्नपत्रिका काढली.

परीक्षेला सहा जण बसले. माझ्याच जेवणाच्या टेबलावर, दोन-दोन फूट अंतर सोडून. पास झाला एक, माझाच जुना विद्यार्थी, बँकेत होता. महिन्याभरात त्याची बदली झाली.

नापास झालेल्या पाचांत एक बाई होती. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत तिचं फॉल-पिकोचं दुकान. घरची भाषा तेलुगू. बीएला इंग्रजी घेतलं होतं, दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि ते राहिलं. वाचनालयातून आमच्या बाईची परीक्षेला नेमलेली कादंबरी नेऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन, चार महिन्यांत तिनं मूळ इंग्रजीतून वाचून काढली होती. हे तिनं मला परीक्षेआधी सांगितलं, आणि मी म्हणाले, "छान. आता बोलायचं नाही, वेळ सुरू झाली."

निकाल मी पोस्टकार्डानं कळवले. तिला पन्नासात अकरा होते. पोस्टकार्डावर मी लिहिलं होतं, 'पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.' पुढच्या वर्षी ती आली नाही. कुणीच आलं नाही.

मग आमचे सहा जण कमी होत गेले. एक गेले. एक मुलाकडं पुण्याला गेल्या आणि तिथून रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवायला लागल्या. एकांच्या डोळ्यांनी दगा दिला. एकांना जिना चढवेना. पाचवे माझ्याशी भांडून गेले, स्वल्पविरामावरून, आणि समेट व्हायच्या आत तेही वारले. आता चार वर्षं झाली, मंडळात मी एकटी आहे.

तरी पहिल्या रविवारी मी चार वाजता पुस्तक उघडते. एक प्रकरण मोठ्यानं वाचते. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, म्हातारी इंग्रजीतून कुणाला तरी झापते आहे. वाचता वाचता मधेच थांबून मी विचारते, "काय, पटतंय का?" आणि समोरच्या पाच खुर्च्यांवर ऊन पडलेलं असतं. खुर्च्या मी मांडते. का मांडते ते मला विचारू नका. नाही मांडल्या तर हॉल इतका मोठा दिसतो की माझाच आवाज मला परका वाटतो.

यंदा उन्हाळ्यात पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली. सगळं बाहेर काढून उन्हात टाकलं, त्यात ती फाइल निघाली. मास्तरीण नवऱ्याचे कपडे देऊन टाकते, पण पेपर देत नाही. गॅलरीत पाय पसरून बसले आणि अकरा वर्षांपूर्वीचे ते सहा पेपर पुन्हा वाचले. करमणूक म्हणून. म्हटलं, बघू या कुणी काय तारे तोडलेत.

चौथा प्रश्न होता: 'गिरणीकामगार स्त्रीच्या खोकल्याचे कादंबरीतील महत्त्व स्पष्ट करा.' उत्तर मला पाठ होतं, कारण तीस वर्षं मीच ते फळ्यावर लिहिलं होतं: खोकला हे घुसमटलेल्या आत्म्याचं प्रतीक आहे. बँकेतल्या विद्यार्थ्यानं हेच लिहिलं होतं, माझ्याच शब्दांत. दहापैकी नऊ.

फॉल-पिकोवालीनं मोडक्या इंग्रजीत जे लिहिलं होतं ते असं: हा खोकला कापसाच्या तुसाचा आहे. माझी आई गिरणीत होती, तिला होता. सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या खात्यात दमट हवा ठेवतात, खिडक्या उघडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी आईला बरं वाटायचं. सुट्टी संपवून कामावर गेली की पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त भरायची. पुस्तकातली बाईपण सोमवारी जास्त खोकते. लेखिकेनं हे जवळून बघितलं असणार.

त्याखाली माझं लाल अक्षर: 'विषयांतर. प्रश्न पुन्हा वाचा.' आणि शून्य.

मी उठून आत गेले. कादंबरी काढली, तीच, जिच्या समासात माझ्या तीस वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. खोकल्याच्या जागा शोधल्या. पाच ठिकाणी ती बाई खोकते. पहिल्या ठिकाणी सोमवार. दुसऱ्या ठिकाणी रविवारच्या प्रार्थनेनंतरचा दिवस, म्हणजे सोमवारच. तिसऱ्या ठिकाणी सोमवार. चौथ्या ठिकाणी सणाच्या सुट्टीनंतर गिरणी उघडते ती सकाळ. पाचवीला वार नाही, तिथं ती मरते.

मी खुर्चीवर बसले. मी वैरागची, ज्वारीच्या आणि आठवडी बाजाराच्या गावातली. सोलापूरला शिकायला आले तेव्हा होस्टेलवर गिरणीच्या भोंग्यानं जाग यायची आणि मी चिडून उशी कानावर घ्यायची. भोंगा वाजत होता आणि मी उशीखाली इंग्लंडातल्या गिरण्यांचा अभ्यास करत होते! माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं गिरणीकामगारांची असायची. एकालाही मी विचारलं नाही, काय रे, तुझ्या घरी कुणी खोकतं का. मी त्यांना आत्मा शिकवत होते.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. पाच ठिकाणं, तीन सोमवार आणि एक सुट्टीनंतरची सकाळ, अहो केवढी गोष्ट! मी फोन हातात घेतला आणि लक्षात आलं, हे ज्याला कळेल असं माणूस आता फोनमध्ये एकही नाही. नात चांगली आहे, पण ती हसली असती. कळणारी एकच बाई या गावात होती, आणि तिला मी शून्य दिलं होतं.

तिला मंडळात बोलवायचं ठरवलं. ठरवायला एक मिनिट लागलं, जायला तीन आठवडे. दुकान तिथंच होतं. ती तिथंच होती, केस पांढरे झालेले, चष्मा जाड. तिनं मान वर केली आणि विचारलं, "फॉल का पिको?"

"फॉल," म्हणाले, आणि अंगावरच्या शालीखाली फाइल दाबून घरी येऊन एक साडी घेऊन पुन्हा गेले. मे महिन्यात शाल! पुढच्या आठवड्यात दुसरी साडी दिली. तिसऱ्या आठवड्यात तिनंच साडी उलगडून बघितली.

"मॅडम, हिला फॉल हाय की आधीच."

मग मात्र मी पेपर काढून तिच्या मशीनवर ठेवला. शून्य खोडून दहा केले होते. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि उभ्यानंच स्वतःचं उत्तर वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

"स्पेलिंगं लई चुकल्यात ओ माझी," ती म्हणाली.

"माझं सगळंच चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. मी तपासलं. सोमवारीच खोकते ती. मला तीस वर्षांत दिसलं नाही. पहिल्या रविवारी माझ्याकडं या. चार वाजता. मंडळ असतं."

"कोण कोण असतंय?"

खोटं बोलायला मला एरवी वेळ लागत नाही. दहा-बारा जण असतात, असं ओठांवर आलं होतं.

"मी असते," म्हणाले.

"आणि?"

"मीच."

तिनं पेपरची घडी घातली, ती मशीनच्या खणात ठेवली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली:

"रविवारी मला जमायचं न्हाय मॅडम, रविवारी बाजार असतोय. तुम्हीच या हितं पुस्तक घेऊन, गुरुवारी. गुरुवारी गिऱ्हाईक नसतंय, रिकामं दुकान मलाबी खायला उठतंय."