गुरुवारी मंदावणारा तारा

आमच्या खगोलशास्त्र विभागात तिला सगळे अक्का म्हणत. वयाने ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण कुलगुरूंपासून सफाईवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांची विचारपूस करणारीला दुसरं काय म्हणणार? सहा वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. दोन टेबलं, एक खिडकी, आणि ती खिडकी उघडायची की नाही यावरून रोज नवा तह; तिला उघडी हवी, मला बंद. मला तिचा राग यायचा. मी ताऱ्यांवर काम करायला आलो होतो, आणि खोलीत सतत कुणाचा तरी अडलेला प्रबंध, कुणाच्या तरी बहिणीचं बाळंतपण, कुणाची तरी दुखरी दाढ.

अकरा वर्षांत तिची ही तिसरी संस्था. तिन्हीकडे नोकरी कंत्राटी. तिच्या आईने मोठी सुटकेस माळ्यावर टाकणंच सोडून दिलं होतं. सुटकेस दाराशीच असायची. आई फोनवर विचारायची, "तारे जागच्या जागी असतात ना? मग तुलाच का हिंडवतात?" याला खगोलशास्त्रात उत्तर नाही.

त्या वर्षी विभागात कायमची जागा निघाली. एकच. आणि शेवटच्या फेरीत उरलो आम्ही दोघं, ती आणि मी.

तिच्याकडे हुकमाचा एक्का होता. टेकडीवरच्या आमच्या दुर्बिणीतून दोन वर्षं फोटो घेऊन तिने एक तारा शोधला होता. तो बरोबर दर सात दिवसांनी मंदावायचा. असा वक्तशीर तारा कुणी पाहिला नव्हता. निवड समितीपुढचं तिचं भाषण त्याच्यावरच होतं.

माझं भाषण सकाळी दहाला झालं आणि झकास झालं. तिचं तीनला होतं. दुपारी आम्ही खोलीत डबे खात बसलो होतो. अक्काची एक खोड होती. शोधनिबंध छापायला देण्याआधी आभारांच्या यादीतल्या प्रत्येकाला ती स्वतः फोन करून, नाव कसं लिहू, असं विचारायची. आम्ही बाकीचे आभार एका ओळीत उरकतो. तिची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जायची. त्या दिवशी तिने टेकडीवरच्या ऑपरेटरला फोन लावला. हात खरकटा, म्हणून स्पीकरवर.

ऑपरेटर भलता खूश झाला. म्हणाला, "ताई, माझ्या मेहुण्याचंही नाव घाला की. गुरुवारी माझी सुट्टी, तेव्हा तोच बसतो."

अक्काने घास खाली ठेवला. मेहुणा दुर्बीण तुमच्यासारखीच लावतो का, असं तिने हळूच विचारलं.

"थोडी बाजूला लावतो. म्हणतो, एकाच ताऱ्याकडे काय बघायचं, शेजारपाजारचेही दिसले पाहिजेत."

तिने हात धुतले आणि फोटो उघडले. प्रत्येक गुरुवारी तारा कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात होता, आणि त्याच कोपऱ्यात काचेवर धुळीचा एक ठिपका. तारा बिचारा ठणठणीत होता. आम्हीच आंधळे होतो.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. मिनिटभर टिकला. मग आठवलं की सकाळी मी ठासून दाखवलेले दोन आलेख त्याच कॅमेऱ्याचे होते, आणि वार बघायचं मलाही सुचलं नव्हतं. मी साळसूदपणे तिला म्हणालो, "आत्ता काही बोलू नकोस. आधी जागा पदरात पाडून घे, ठिपक्याचं मागाहून छाप."

ती म्हणाली, "अरे, मग मेहुण्याचे आभार कुठे मानू?"

भाषणं सगळ्या विभागासाठी खुली असत, म्हणून तीन वाजता मी मागच्या रांगेत होतो. तिने आधी तारा दाखवला, मग ठिपका, आणि पुढचा अर्धा तास आपण कसे फसलो ते रंगवून सांगितलं. मेहुण्याच्या शेजारधर्मापाशी सभागृह हसून लोटपोट झालं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. हा कॅमेरा आणखी कुणी वापरला आहे का, असं त्यांनी विचारलं. तिला माझे आलेख तोंडपाठ होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, ते ज्याचं त्याने सांगावं.

मी उभा राहिलो. अजूनही वाटतं, मी नाही, माझे गुडघेच उभे राहिले. म्हणालो, "माझ्या सकाळच्या दोन आलेखांतही गुरुवार आहेत."

जागा तिला मिळाली. समितीने कारण कळवलं नाही, आणि मला ते विचारावं लागलं नाही. तिच्या आईने सुटकेस माळ्यावर टाकली. माझं कंत्राट संपत आलं होतं. मी पुस्तकं खोक्यात भरत होतो, तेव्हा अक्का धुळीच्या ठिपक्यावरचा निबंध घेऊन आली. टेबलाशी उभी राहून तिने विचारलं, "आभारांत तुझं नाव कसं लिहू?"

सहा वर्षांत माझ्या एकाही निबंधात मी तिचं नाव घातलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेहुण्याच्या खाली लिही," मी म्हणालो, आणि उठून खिडकी उघडली.