आभार मानून घरी पाठवणे

पुण्याहून निघताना सासूबाईंनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "नोकरीचं डोक्यातून काढ आता. जरा आराम कर." एअरपोर्टवर सगळ्यांनी नवऱ्याचं जपानच्या पोस्टिंगबद्दल अभिनंदन केलं. मी नुकतीच टेस्टिंग लॅबमधली नोकरी सोडली होती. त्यावर काय बोलायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही.

जपानमधल्या कावासाकी शहरात आराम लवकरच संपला. नव्वदी कधीच ओलांडलेल्या शेजारच्या सातो-सान मला कचरा वेगळा करायला शिकवत, आणि बाटल्यांची लेबलं सोलता सोलता जुनं काही सांगत. युद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा त्यांच्या वर्गातल्या मुलींना रेल्वेचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथ मशीनवर उभं केलं होतं. कपाळाला पट्टी, सकाळी देशासाठी घोषणा.

"घोषणा विसरले," त्या म्हणाल्या. "लेथ आठवतो. हात छान बसला होता माझा."

युद्ध संपलं, पुरुष परतले. मुलींना रांगेत उभं करून साहेबांनी भाषण केलं आणि कमरेतून वाकून आभार मानले. मुलीही वाकल्या. मान वर केली तेव्हा नोकरी गेलेली होती.

आता युद्ध नाही, पण माणसं पुन्हा कमी पडतात. त्यामुळे बायकांच्या कर्तृत्वावरची भाषणंही पुन्हा सुरू झाली आहेत. त्यांची पोस्टरं तेवढी आता गुलाबी झाली. या टंचाईतच मला सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत, आजारी रजेवर गेलेल्या इंजिनिअरच्या जागी काँट्रॅक्टवर घेतलं. काम आवडलं. इतकं, की ती जागा दुसऱ्याची आहे हे मी सोयीस्करपणे विसरले.

तो बरा होऊन परतला. सेक्शन हेड मोरी-साननी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं, चार लोकांसमोर माझ्या कष्टांचं कौतुक केलं आणि खोल वाकले.

इथे समोरचा वाकला की आपली पाठ आपोआप वाकते. मी तर आता फोनवर बोलतानाही वाकते. त्या दिवशी मात्र ताठ उभी राहिले. आपण वाकत नाही तोवर समोरच्याला सरळ होणं अवघड जातं, हे तेव्हा कळलं.

"मोरी-सान, काम अजून शिल्लक आहे," मी म्हणाले. "मला ते करायचंय."

ते जमिनीकडे बघतच म्हणाले, "जरा कठीण आहे." इथे याचा अर्थ 'नाही' असा होतो. तो मला चांगला माहीत होता, तरी मी हलले नाही. शेवटी त्यांनी एक सुस्कारा सोडला, सरळ झाले आणि दुसऱ्या विभागात विचारतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी त्या विभागात बसायला लागले. काँट्रॅक्टवरच.

सातो-साननी अभिनंदन केलं नाही. मशीन चांगलं आहे का, एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. जुनं काँट्रॅक्ट संपतंय इतकंच तिला ठाऊक होतं. "मग आता इकडे घरी येशील ना?" तिचा आवाज इतका खुलला होता की उत्तर देणं जिवावर आलं.

"घरीच आहे गं आई," मी म्हणाले. "आत्ताच कामावरून आले."