मडममामीचं म्हातारं घर

नवी वस्तू घरात आली की मडममामीला चैन पडत नसे. मामी तिला आधी म्हातारी करायची, मग वापरायला काढायची. नवा पाट आला की मामी विटेच्या तुकड्यानं त्याच्या कडा बोथट करी, त्याला ऊन दाखवी, तेल चोळी. मग तो पाट पणजोबांच्या वेळचा दिसू लागे. "नव्या वस्तूले तोंड नसते. थ्याच्याशी बोलावं काय?" असं ती म्हणे.

हे खूळ आलं मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन मडमकडून. बाळंतपणात मामी तिथे बरेच दिवस होती. दोघींची गट्टी जमली आणि मडमनं तिला आपलं घर दाखवलं. बसून बसून गुळगुळीत झालेली बाकं, चिंध्यांच्या वेण्यांची सतरंजी, दुधात कालवलेल्या रंगाची पेटी. त्यांच्या देशात गोरे लोक पहिल्यांदा वसले तेव्हाची घरं अशी असत म्हणे. स्वातंत्र्यानंतर मडम मायदेशी परतली आणि जाताना मामीला आपली झुलती खुर्ची देऊन गेली. आमगावच्या मातीच्या घरात ती खुर्ची शिरली, तिच्यामागून अमेरिका शिरली आणि मामीची मडममामी झाली.

जुनी लुगडी फाडून तिनं वेण्या घातल्या आणि गोल सतरंज्या शिवल्या. धान मापायची फुटकी लाकडी पायली माळ्यावरून उतरवून तिच्यात धानाच्या लोंब्या खोचल्या. मामा सरळ शेतकरी माणूस, तो कपाळाला हात लावी.

"लोक नवं आणून राह्यले अन् आमची बाई घर म्हातारं करून राह्यली."

"तुमच्यासंग शोभलं पाहिजे ना," मामी म्हणे.

याचं हसू येत नसे ते एकट्या माझ्या मामेबहिणीला, सुशीला. तिला पाहायला आलेले दोन पाहुणे 'घरात काही दिसत नाही' म्हणून परत गेले होते. आता गोंदियाचं व्यापारी घर येणार होतं. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता, हे फक्त मला ठाऊक. मामा म्हणाला, "शेजारून लोखंडी खुर्च्या आणतो. हे सारं कोठीत टाक." मामी ढिम्म हलली नाही. उलट आदल्या दिवशी तिनं धानाची पेटी मडमच्या रीतीनं रंगवली. मडम दुधात चुना घालायची, ते मामी विसरली. वर चमक यावी म्हणून गेरूत गूळ कालवला.

सकाळी पेटीवर मुंग्यांची वरात. सुशी रडकुंडीला आली. पुसायला घेतलं तोवर स्टेशनवरून पाहुण्यांची बैलगाडी दारात.

मुलाची आई आत आली, मुंग्या पाहून तिनं नाक मुरडलं. "इतका पुराना सामान काऊन ठेवला जी? पोरीले हेच देता काय?" मामाचा चेहरा उतरला.

तेवढ्यात काठी टेकत मुलाची आजी आली. तिला आणायला कुणी तयार नव्हतं, ती हट्टानं आली होती. मामीनं हात धरून तिला झुलत्या खुर्चीत बसवलं, पायाखाली सतरंजी सरकवली. आजी झुलू लागली. सतरंजीतले लुगड्याचे काठ तिनं वाकून बोटांनी चाचपले. पोहे झाले, चहा झाला, सून निघायची घाई करू लागली. आजी काही उठेना.

"मुंग्या लागल्या तं लागू द्या," ती शेवटी म्हणाली. "ह्या घरात जुन्याले समोर जागा हाये. आपल्या घरी मले मागच्या पडवीत ठेवून राह्यले. पोरगी इथचीच आणा."

निघालेली सून पुन्हा खाली बसली. लग्न ठरलं.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल खूप आठवतं, पण सगळ्यात जास्त आठवतो तो सुशीच्या लग्नानंतर एके दिवशी पाहिलेला तिचा चेहरा. सुशीच्या सासरून मी आमगावला बातमी घेऊन गेले होते: सुशीनं आजेसासूची खाट पडवीतून काढली आणि समोरच्या ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून टाकली, सासू तेव्हापासून तिच्याशी धड बोलत नाही. मामी धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली,

"चला, पोरीले घर सजवता येते."